एका घरातून दोन दोने

मी इतिहास शिकवते आणि मला राग लवकर येतो. नववीचा वर्ग या दोन्ही गोष्टींना साक्षी आहे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा धडा आला की मी खुर्चीत बसत नाही, फळ्यापाशी उभीही राहत नाही, बाकांमधून फिरत राहते आणि माझा आवाज शेजारच्या गणिताच्या वर्गात जातो. गणिताचे सर दार लावून घेतात. लावा म्हणावं. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राजाला देवाचा अंश मानलं आणि मग कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं की बाबांनो, राजा तुमच्यामुळे आहे, तुम्ही राजामुळे नाही. याहून मोठी गोष्ट शाळेत दुसरी कोणती शिकवतात ते मला दाखवा.

माझं लहानपण ऊर्जानगरात गेलं. वडील वीज केंद्रात होते. कॉलनीत सगळं आखलेलं. क्वार्टरला नंबर, ड्युटीला भोंगा, बसला वेळ. चंद्रपूरला बाजाराला जायचं तर जटपुरा गेटातून. गोंड राजाचा तो परकोट इतक्या वेळा पाहिला की पुढे पुढे तो दिसेनासाच झाला. घरात काय करायचं ते वडील ठरवायचे, जेवताना सांगायचे, आणि आई पोळी वाढता वाढता ऐकायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, आमची गॅसची, एवढाच काय तो फरक.

नोकरी लागली ती गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्याही पुढे, जिथे एसटी यायची तर यायची, नाही तर नाही. शाळेचं क्वार्टर गळत होतं, म्हणून गावातल्या एका घरी पडवीची खोली भाड्यानं घेतली. घर एका गोंड शेतकऱ्याचं. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोहफूल नि तेंदूपत्ता. मी त्याला भाऊ म्हणायचे. घरात त्याची बायको, माझ्याच वर्गात नववीला असलेली मुलगी, आणि त्याची थोरली बहीण. या बहिणीला अख्खं गाव बाई म्हणायचं, मीही म्हणायचे. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती लुगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन सरळ माहेरी निघून आली होती. तिच्या समाजात असं परत येण्यात कमीपणा नाही. कुणी तिला टोचून बोललं नाही, भावानं तर नाहीच. ताटात पहिला घास तिचा, असा त्याचा मान. तरी तिला एक गोष्ट डाचत होती, आणि ती मला कळायला पूर्ण पावसाळा जावा लागला.

ती कळण्यासाठी आधी त्या गावची सभा समजून घ्यावी लागेल. जंगलाचं काय करायचं ते तिथे गाव ठरवतं, आणि ठरवायची पद्धत त्यांची स्वतःची आहे. मतदान नाही, हात वर करणं नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचं. एका घराला जरी पटलं नाही तरी विषय पुढच्या सभेवर जातो. सभेला येताना प्रत्येक घर पळसाच्या पानाच्या दोन्यात तांदूळ घेऊन येतं. सगळे दोने एका मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रिकामे होतात, इकडे बोलणं चालतं, तिकडे भात शिजतो, शेवटी सगळे एकत्र जेवतात. ज्या घराचे तांदूळ गंजात पडले त्या घराला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. भूमया, म्हणजे गावाचं आणि गावदेवाचं दोन्ही बघणारा वडीलधारा माणूस, शेवटी एकेका घराकडे बघून विचारतो, “तुह्या घराचं काय?” आणि घर उत्तर देतं. विधवा बाई एकटी राहत असेल तर तिलाही विचारतात. एक चूल, एक दोना, एक शब्द.

बाई जेवायची भावाच्या चुलीवर. म्हणजे तिचे तांदूळ भावाच्या दोन्यात आणि तिचा शब्द भावाच्या शब्दात.

नाल्यापलीकडे एक टेकडी आहे. तिच्या एका अंगाला चाराची झाडं होती. या चाराच्या बियांचीच चारोळी होते. झाडं कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, पण बाई परकर घालत होती तेव्हापासून तिथे चार वेचायची आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी यायच्या आदल्या वर्षी गावच्या रस्त्याला मुरूम हवा होता. सभेत भूमयानं भावाला विचारलं, भाऊ हो म्हणाला. टेकडीचं ते अंग खरवडून निघालं आणि झाडं गेली. भावाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागे, रस्ता त्यालाही हवाच होता. बहिणीला विचारावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

“मी तिथीच बसून होती म्याडम,” बाई मला सांगत होती. “माह्या समोर इचारलं, माह्या समोर तो हो म्हणला. माह्यं तोंड भावाच्या तोंडात हाय. मंग मी बोलू कायनं?”

टेकडीच्या दुसऱ्या अंगाला अजून झाडं होती आणि रस्ता अजून अर्धाच झाला होता. म्हणजे मुरुमाचा विषय पुन्हा येणार, भूमया पुन्हा भावाकडे बघणार, आणि बाई पुन्हा तिथे नुसती बसून राहणार. तिला हे टाळायचं होतं. कसं, ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, खोटं काऊन बोलू.

मोठ्यानं वाचल्याशिवाय धडा डोक्यात जात नाही, असं माझं मत आहे. त्यामुळे बाईची भाची रोज संध्याकाळी ओसरीवर बसून घसा फाडायची आणि बाई शेजारी दगडानं चारोळी फोडत ऐकायची. त्या दिवशी धडा फ्रान्सचा होता. तिथल्या जुन्या सभेत तीन वर्ग बसायचे. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जनतेचा. मत मात्र प्रत्येक वर्गाला एकच.

बाईचा दगड थांबला. “उरलेले सगळे, अन् मत एकच?”

“एकच.”

“मंग त्यायनं काय केलं?”

मला कुणी विचारायचीच खोटी. मी भाजी चिरायची सोडून उठलेच. सांगितलं की त्या तिसऱ्या वर्गानं म्हटलं, वर्ग मोजू नका, माणसं मोजा. राजाच्या लोकांनी त्यांच्या सभागृहाला कुलूप घातलं. तर हे बहाद्दर जवळच्या चेंडू खेळायच्या जागेत शिरले आणि शपथ घेतली की देशाचे नवे नियम ठरेपर्यंत आम्ही पांगणार नाही. कारण देश म्हणजे आम्हीच. तोवर देश म्हणजे राजाची मालमत्ता असायची, शेत असतं तशी. त्या दिवसापासून देश म्हणजे त्यात राहणारी माणसं झाली.

“चेंडूच्या जागेत?” भाचीला हसू आलं.

“हो. सभागृह लागत नाही त्याला. हिंमत लागते.”

बाई हसली नाही. तिनं विचारलं, “त्या सभेत बाया होत्या का?”

बोला आता. एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नव्हत्या. भाकरीसाठी राजवाड्यावर चालून गेल्या त्या बायाच, पण मताचा प्रश्न आला तेव्हा त्यांना घरी पाठवलं.

“मंग काम अर्धंच राह्यलं त्यायचं,” बाई म्हणाली आणि पुन्हा चारोळी फोडू लागली.

मला ते झोंबलं. आवडत्या माणसाला कुणी नावं ठेवावीत तसं वाटलं. मी वाद घालायला बसले. म्हटलं, अर्धं राहिलं हे खरं, पण विचार असा एका जागी थांबत नाही. तो पुस्तकांतून जहाजांवर चढला, समुद्रापार गेला. ज्यांनी तो लिहिला त्यांचेच देश इथे राज्य करायला आले, आणि आपल्या लोकांनी त्यांचीच पुस्तकं वाचून त्यांना विचारलं, की माणसं सारखी आहेत असं तुम्हीच म्हणता ना, मग इथून निघा. तुरुंगात बसून वाचली, उपाशी राहून वाचली. आणि देश आपला झाला तेव्हा पहिल्याच निवडणुकीपासून मत दिलं, बाईलाही, गड्यालाही, शिकलेल्याला, न शिकलेल्याला. तुम्हालाही आहे ना मत?

“हाय ना. देतो ना आम्ही, बोटाले शाई लावून.” बाईनं बोट दाखवलं, जणू शाई अजून तिथे होती. “दिल्लीच्या सरकारले माह्यं तोंड दिसते म्याडम. माह्या गावाले दिसत नाई.”

 मी पुन्हा भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळंच निघालं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “म्याडम, चांद्याले आपला राजा होता. त्यानं किल्ला बांधला, तलाव बांधले. त्याले काऊन हटवाव?” पोरांनी बाक वाजवले. खरं सांगते, मला बरं वाटलं. चंद्रपूरच्या ज्या परकोटाकडे मी लहानपणी बघणं सोडलं होतं, त्याचा या पोरांना किती अभिमान. मी काही म्हणायच्या आत बाईची भाची उठली. “राजा आपला होता तं चांगलंच हाय. पन आपला हाय म्हून त्यानं इचारू नये असं थोडी रायते?” मला वाटलं, ही आता राजाबद्दल बोलत नाहीये. पुढचा तास त्या एका वाक्यावर गेला आणि गणिताच्या सरांनी पुन्हा दार लावलं.

सव्वीस जानेवारी आली. सकाळी शाळेत झेंडा, प्रभातफेरी, पोरांच्या हातात बांबूच्या काडीला चिकटवलेले कागदी झेंडे. दुपारी मोठ्या मोहाच्या झाडाखाली सभा. गंजापाशी नेहमीचा म्हातारा बसला होता. त्याचा बैल दोन दिवस चरत नव्हता आणि येईल त्याला तो बैलाचंच सांगत होता. सांगता सांगता लोकांच्या हातातले दोने घ्यायचा नि रिकामे करायचा. भावानं दिलेला दोना त्यानं रिकामा केला. मागून बाईनं दिला, तोही केला. “गवताले तोंडच लावत नाई ना बावा,” असं म्हणत तिसऱ्याचा हातात घेतला.

भूमयानं ते पाहिलं. “थांबा,” तो म्हणाला. “त्या घरचे दोन दोने कसे?”

भाऊ वळला. बहिणीच्या हातात रिकामा दोना. “बाई, काय करून राह्यली तू?”

“तांदूळ टाकले,” बाई म्हणाली. शब्द सगळ्यांना ऐकू गेले. “आता मलेबी इचारा.”

कुणीतरी म्हणालं, तिचे तांदूळ काढून द्या. म्हाताऱ्यानं गंजात वाकून बघितलं, हात घालून ढवळलं. “कोंते काढू?” हशा पिकला. पण भूमया हसला नाही, आणि मग हळूहळू सगळेच हसायचे थांबले. कारण पेच खरा होता. ज्याचे तांदूळ गंजात त्याला विचारायचं, हा नियम. एका चुलीचा एकच दोना, हाही नियम. दोन्ही वाडवडलांपासूनचे. म्हाताऱ्याच्या बैलापायी दोन्हींची गाठ पडली होती.

त्या दिवशीचे सगळे विषय बाजूला राहिले आणि सभा यावरच बोलत बसली. काही बायका म्हणाल्या, विचारा की तिला, काय जाते. काही म्हणाल्या, आज ही, उद्या माझी सून दोना घेऊन येईल. भाऊ एवढंच म्हणत राहिला, “मले पटत नाई.” एक माणूस, आणि अख्खं गाव अडलेलं. मी बाहेरची, कडेला बसून होते, पण माझं डोकं तापलं. मी उठलेच. म्हटलं, हात वर करा ना. मोजा आणि मोकळे व्हा. सगळ्या जगात असंच होतं.

भूमयानं मला बसायची खूण केली, रागानं नव्हे. “म्याडम, हात मोजले तं भाऊ हरन. हरलेला भाऊ अन् जिकलेली बहीण संध्याकाळी एकाच घरी जातीन. मंग?”

“मग भावाला पटेपर्यंत तिनं गप्प बसायचं?”

“गप्प काऊन? बोलत राहाव.”

मला ते तेव्हा पटलं नाही, आणि पूर्ण तर अजूनही पटत नाही. ज्याला विचारतात त्याला थांबणं सोपं जातं. पण एक मानावंच लागेल. बाईचा एक शब्द ठरत नव्हता म्हणून अख्खं गाव आपली कामं सोडून ऊन कलेपर्यंत तिथे बसलं होतं, आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नव्हतं. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत निम्मे उठून गेलेले असतात.

शेवटी भूमयानं निवाडा दिला. “भात आजचा सगळ्यायचा. पन घर चुलीनं होते. बाई, तू तुही चूल दाखवजो. पुढच्या सभेत इचारतो.” हे सगळ्यांना पटलं, भावालाही. बहीण वेगळी चूल मांडेल हे त्याला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. मग भूमयानं माझ्याकडे बघितलं. “अन् म्याडम, तुमची चूल कुठी?”

“ऊर्जानगरात.”

“तिथी तुमाले इचारतेत का?”

सगळे हसले, मीही हसले. भात छान झाला होता, पण जेवताना मी तो प्रश्नच चघळत होते. पुढच्या सुटीत घरी गेले तेव्हा जेवताना आईला म्हटलं, तू सांग ना, तुला काय वाटतं. वडिलांचा हात ताटातच थांबला. आईनं आधी मागे वळून पाहिलं, मी आणखी कुणाला तर विचारत नाहीये ना म्हणून.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गोठ्याच्या कडेला तीन दगड आले. बाईनं ते नाल्यातून एकेक करून डोक्यावर आणले.  भावाच्या बायकोनं आपल्या चुलीतला विस्तव खापरीवर घेतला आणि नेऊन त्या तीन दगडांमध्ये ठेवला. भाचीनं शेजारी आपला कागदी झेंडा रोवला, तो दुपारपर्यंत बकरीनं खाल्ला.

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बोलणंच सोडलं. जेवायला बसला की बहिणीच्या रिकाम्या जागेकडे बघायचा, अर्ध्यावर उठायचा. मला राहवेना. मी त्याला ओसरीवर गाठलं आणि समता, स्वातंत्र्य, सगळा धडा ऐकवला. त्यानं ऐकून घेतलं.

“म्याडम, तुमच्या धड्यातला राजा खराब होता,” तो म्हणाला. “मी तिचं काय खराब केलं? लोक म्हणतीन, बहिणीले दोन घास देता नाई आले म्हून तिनं चूल मांडली.” त्याचे डोळे भरले होते.

मी म्हटलं, “तुम्ही काहीच खराब केलं नाही भाऊ. म्हणून तर अवघड आहे.”

मला त्या माणसाची माया आली. वाईट राजाला हटवायला शूर माणसं पुरतात. जिथे सगळे एकमेकांवर जीव टाकतात तिथे हक्क मागायचा म्हणजे मागणाऱ्याचाही जीव कासावीस होतो. बाईला मी त्या दिवसांत रडताना पाहिलं. पण दगड तिनं हलवले नाहीत.

मोहफूल गळायला लागलं. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असायचं. एका सकाळी भाऊ एकटाच लवकर परत आला, टोपली काठोकाठ भरलेली. बायको अजून रानातच होती. गोठ्यापाशी बाई पेज ढवळत होती. मी पडवीत दात घासत उभी होते, तिथून सगळं दिसत होतं. भाऊ टोपली उतरवून बराच वेळ उभा राहिला. मग जाऊन त्या तीन दगडांसमोर उकिडवा बसला.

“पेज हाय का?”

बाईनं वाटीभर दिली. त्या गावात ज्याच्या चुलीवरचं तुम्ही मागून खाता, त्याच्या घरी तुम्ही पाहुणे असता. हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, आता मलाही ठाऊक झालं होतं. त्यानं वाटी तोंडाला लावली, संपवली.

“मीठ कमी हाय,” तो म्हणाला.

“माह्या घरी असंच रायते,” बाई म्हणाली.

मी तोंडात ब्रश तसाच ठेवून आत गेले आणि खाटेवर बसून रडले. चांगलं वाटत होतं, फार चांगलं. ज्यांनी ते पहिल्यांदा कागदावर लिहिलं त्यांना हे कुणीतरी दाखवायला हवं होतं, असं सारखं वाटत राहिलं.

एक मेची सभा मोहाच्या झाडाखालीच झाली. या वेळी म्हाताऱ्यानं दोन्ही दोने नीट बघून घेतले, आधी भावाचा, मग बाईचा, आणि दोन्ही रिकामे केले. विषय मुरुमाचाच होता. रस्ता पावसाळ्याआधी पुरा करायचा, तर टेकडीचं दुसरं अंग द्यावं लागेल. भावानं स्वतः काठीनं मापलं होतं, तोच बोलला, पटापट. चांगलं बोलला. भूमया एकेका घराला विचारत गेला. हो, हो, हो. मग भूमयाची नजर बाईवर आली आणि थांबली.

“तुह्या घराचं काय?”

बाई नाही म्हणणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी तर मुठी आवळून बसले होते. म्हण, मनात म्हणत होते, नाही म्हण. तिनं पदर सावरला. भावाकडे नाही, भूमयाकडे बघितलं.

“मले समजलं नाई,” ती म्हणाली. “मुरूम किती लागन, कुठून खणन, कोंती झाडं जातीन. पुन्हा सांगा.”

कुणी हसलं नाही. कुणी घाई कर म्हणालं नाही. सगळे भावाकडे बघू लागले. तो आपल्या जागेवरून उठला, येऊन बहिणीच्या समोर मातीत बसला. काडीनं टेकडी काढली, नाला काढला, रस्ता काढला, मुरूम खणायच्या जागेभोवती रेघ ओढली आणि गोंडीत पहिल्यापासून सांगू लागला, सावकाश. बाई मध्येच बोट ठेवून विचारायची, तो थांबायचा, पुन्हा सांगायचा. म्हाताऱ्यानं गंजाखालची जळती लाकडं मागे ओढली, भात करपू नये म्हणून. बाईनं त्या रेघेच्या आत आणखी एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते उचललं नाही. भावानं त्या बोटाकडे बघितलं. मग तळहातानं आपली रेघ पुसली आणि चाराची झाडं सोडून दुसरी काढायला घेतली.